‘दर वर्षी’ हे दोन शब्द

९ जून २०२५
अमरिलो, टेक्सस

आयुष,

जय भीम.

आईने ऑपरेशन कॅन्सल केलं. हे तुला कळलं असेलच, कारण आमच्या घरातलं सगळं तुला आधी कळतं. पण कोणाच्या सांगण्यावरून केलं, ते तिने सांगितलं नसेल. माझ्या. एवढंच कळवायला हे पत्र.

फोन करता आला असता. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला तू “बरं, पण डेटा काय म्हणतो?” असं विचारतोस आणि मी हरतो. पत्रात मध्ये कोणी बोलत नाही. तुझा पत्ता आईनेच दिला. जर्सी सिटी, एकतिसावा मजला! समर इंटर्नशिपवाल्याला एकतिसावा मजला. विमा कंपनी मरणाचे तक्ते करायला एवढ्या वर कशाला बसवते कोण जाणे. वरून माणसं ठिपक्यांसारखी दिसतात म्हणून असेल.

मी अजून स्कूल बसच पोचवतो. मुलं नाहीत, नुसती बस. कारखान्यातून नवी कोरी पिवळी बस काढायची आणि ज्या गावच्या शाळेने मागवली तिथे नेऊन उभी करायची. ऑगस्टमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे आत्ता गर्दी आहे. मागे बहात्तर रिकाम्या सीट्स, त्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, वारा आला की सगळ्या एकदम फडफडतात. पहिले दोन दिवस वाटायचं की कोणीतरी मागे कुजबुजतंय. आता मीच त्यांच्याशी बोलतो. काल ओक्लाहोमाच्या हद्दीवर एका म्हाताऱ्याने माझी बस उभी बघून गाडी थांबवली, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडायचं नाही असा कायदा आहे म्हणून. मी हाताने जा जा म्हणतोय, हा हलेना. पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

काय सांगत होतो? हां. चौदा एप्रिल.

तू विसरला असशील, मी नाही. अर्विंगच्या हॉलमधली जयंती आटोपून आपण घरी आलो. आई, कांतामावशी, तू आणि मी. मी आठ महिन्यांनी आलो होतो. माझ्या खोलीत तुझी पुस्तकं, माझ्या खुंटीला तुझं जॅकेट. बरोबर आहे, भाडं तू देतोस. बाबा गेल्यावर मी सहा महिन्यांत निघून गेलो आणि तिला एकटं घर खायला उठायचं, म्हणून तिने तुला ठेवलं. सगळं बरोबर आहे. पण पाटवडीचा रस्सा तिने आधी तुझ्या ताटात वाढला.

मग तिच्या डोक्यातल्या त्या फुगलेल्या नसेचा विषय निघाला. तू तिच्या रांगोळीच्या वहीतलं पान घेतलंस, दहा ओळी दहा ठिपके काढलेस आणि तीन लाल केलेस. “काकू, असे शंभर पेशंट. ऑपरेशनमध्ये यातल्या तिघांचं वाईट होतं. मरण, नाहीतर कायमचं अंथरूण.”

कांतामावशी म्हणाली, “म्हणजे सत्त्याण्णव टक्के? अगं शोभा, तू तर मेरिटमध्ये आलीस!”

आई म्हणाली, “आणि उरलेले तिघं एटीकेटी देतात का गं?”

सगळे हसले. तू तर डोळे पुसेपर्यंत हसलास. मला दहावीला एकेचाळीस टक्के होते, मला टक्क्यांवरचे विनोद लवकर कळत नाहीत.

मग तिने तुला विचारलं, “यातली मी कुठली रे?” तू म्हणालास, “ते कोणालाच माहीत नसतं, काकू. म्हणून तर मोजायचं.” तिने तुझ्याकडे असं बघितलं, जणू तू तिला काहीतरी भेट दिली आहेस. मी तिला गेल्या वर्षी मदर्स डेला न्यू मेक्सिकोहून शाल पाठवली होती. ती अजून प्लास्टिकमध्ये आहे.

तर गेल्या गुरुवारी मी तिला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, डॉक्टरांनी दिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धर, मी वाचतो. वाचला. ऑपरेशन केलं तर शंभरात तीन. काही न करता लक्ष ठेवलं तर शंभरात एक. मी विचारलं, “आई, तीन मोठे का एक?” ती म्हणाली, “तीन.” म्हटलं, “मग मांडीतून तार घालून डोक्यापर्यंत न्यायची कशाला? आई, नको ना करू.” तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “तू म्हणतोस तर थांबते.”

तू म्हणतोस तर. लिहून ठेव तुझ्या थिसिसमध्ये.

अनीश

* * *

२१ जून २०२५
रॉलिन्स, वायोमिंग

आयुष,

तुझं पत्र कंपनीच्या यार्डात मिळालं. दोन पानं, दोन्ही टाइप केलेली. आपण भांडतोय का तू मला नोकरीला ठेवतोयस, तेच कळेना.

तू लिहितोस, “कागदावर शंभरात एक याच्या पुढे ‘दर वर्षी’ असे शब्द होते. ते तू काकूंना वाचून दाखवलेस का?”

कॅमेरा हलत होता. आईचा हात स्थिर नसतो. आणि मी ट्रक स्टॉपवर उभा होतो, ऊन स्क्रीनवर येत होतं. एवढ्या बारीक अक्षरात कोण लिहितं? महत्त्वाचं असतं तर मोठं नसतं का लिहिलं?

आणि तू काकू काकू लिहितोस ते मला दाखवायला. परवा आईला फोन केला तेव्हा तू दुसऱ्या लाइनवर होतास. तिने चुकून दोन्ही जोडले आणि मी ऐकलं, तू तिला “शोभाआई” म्हणालास. कधीपासून? मला कळवायचं तरी. तुझी नांदेडची आई जिवंत आहे ना? मग एवढी हाव कशाला?

इथे वारा इतका आहे की बस आडवी होईल असं वाटतं. हायवेवर बोर्ड लावलाय, आज रिकाम्या उंच गाड्यांना बंदी. म्हणून मी आणि कुमार दुपारपासून एका डायनरमध्ये अडकून बसलोय. कुमार हैदराबादचा, पन्नाशीचा, माझ्या पुढची बस चालवतो. तो विमानात बसत नाही. मुलीच्या ग्रॅज्युएशनला डॅलसहून बॉस्टनला तीन दिवस ड्राइव्ह करत गेला. म्हणतो, “यार, विमान पडलं तर एकदम दोनशे जातात. टीव्हीवर दाखवतात. गाडीत मेलो तर टीव्हीवर तरी येणार नाही.” मी त्याला सांगितलं, माझ्या ओळखीचा एक जण म्हणतो की मैलामागे मोजलं तर गाडीच जास्त धोक्याची. तो म्हणाला, “त्याला सांग, स्टिअरिंग माझ्या हातात असतं.” मला पटलं. म्हणजे मला माहीत आहे की चूक आहे, पण पटलं. हे तुझ्या तक्त्यात कुठे बसतं?

आईने तुला तिच्या ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या, हेही मला कांतामावशीकडून कळलं. नागपूर महापालिकेत ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होती एवढंच मला माहीत. उन्हाळ्यात मरणाचं रजिस्टर लवकर भरायचं, कारणाच्या रकान्यात लोक ‘म्हातारपण’च लिहा म्हणून हट्ट धरायचे, हे मला कधी सांगितलं नाही तिने. मी विचारलं नाही, असं तू म्हणशील. तू विचारलंस म्हणून तुला मिळालं. माणसाला घरातलं सुद्धा अर्ज करून मागायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

आणि एक सांग. तुझ्या तक्त्यात मी कुठे येतो? वय सव्वीस, लग्न नाही, कॉलेज अर्धवट, वर्षाला ऐंशी हजार मैल. असेल ना एखादा आकडा? आईला सांगितलायस का तो? तिने विचारला होता का कधी?

वारा थांबला वाटतं. कुमार हाक मारतोय.

अनीश

* * *

३ जुलै २०२५
टुकमकारी, न्यू मेक्सिको

आयुष,

काल दुपारी काच फुटली. समोरच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला, टण्, आणि माझ्या डोळ्यांसमोर कोळ्याचं जाळं. मला काही झालं नाही. बस बाजूला घेतली. सीट्सचं प्लास्टिक फडफडत होतं. ऑफिसला फोन केला तर तिथली बाई हसली. “शंभर खेपांत एखाद्या वेळी होतंच. तुझ्या किती झाल्या?”

मी मोजल्या. एकशे छत्तीस.

काच बदलणारा यायला चार तास लागले. सावली फक्त बसची, तीही सरकत जाणारी. मी तिच्याबरोबर सरकत बसलो. शंभरात एक हे मी नोकरी धरली त्या दिवशीही ऐकलं होतं. तेव्हा वाटलं होतं, म्हणजे होतच नाही. एका खेपेला नाहीच होत. पण मी एक खेप थोडीच केली? ती दर वेळी नव्याने शंभरात एक असते आणि मी दर वेळी परत निघतो.

मग तुझे ठिपके आठवले. ऑपरेशन म्हणजे एक खेप. त्यात तीन लाल, मान्य. एकदा पार पडली की पडली. आणि थांबणं म्हणजे दर वर्षी एक खेप. आई सत्तावन्नची आहे. तिची आई चौऱ्याऐंशीला गेली. सत्तावीस पानं, प्रत्येक पानावर एक लाल. मी खडा घेऊन रस्त्याच्या कडेला रेघा मारल्या. सत्तावीस रेघा. त्या दोनदा मोजल्या. (आणि काच एकदा फुटली म्हणजे आता शंभर खेपा सुट्टी, असंही एकदा मनात आलं. नाही ना मिळत सुट्टी? मला वाटलंच.)

आता खरं लिहितो, कारण नव्या काचेचा डिंक वाळेपर्यंत थांबायचंय आणि दुसरं काही करायला नाही.

कॅमेरा हलत नव्हता. आईचा हात दगडासारखा स्थिर असतो, ती रांगोळी काढते. ऊनही नव्हतं. मला ते दोन शब्द दिसले होते. पूर्ण दिसले. वाचता वाचता जीभ त्यांच्यापर्यंत आली आणि मी पुढे गेलो. ते वाचले असते तर तू जिंकला असतास. तेव्हा मनात आईची नस नव्हती, तूच होतास. तुझं जॅकेट, तुझं ताट, तुझे ते लाल ठिपके. मला एकदा, फक्त एकदा, तिने माझा आकडा धरावा असं वाटत होतं.

खोटा आकडा मी सांगितला नाही, असं मी महिनाभर स्वतःला सांगतोय. एक म्हणजे एकच होतं. पण अर्धा आकडा वाचणं म्हणजे काय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तू तिला समजावून सांग, असं लिहायला हे पत्र सुरू केलं होतं. परत ठिपके काढ, सत्तावीस पानं काढ, तुझं ती ऐकते. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की यातही तूच जिंकतोस. आणि ते सोड, वाचलं मी आहे. हा कागद तिला मीच पूर्ण वाचून दाखवणार. ही बस सांता रोझाला टाकली की अर्विंगला निघतो. तोपर्यंत तू तिला काही बोलू नकोस. एवढी एक गोष्ट मला दे.

अनीश

* * *

१२ जुलै २०२५
अर्विंग

आयुष,

सांगितलं.

ती टेबलाशी मेथी निवडत होती. मी उभाच होतो. म्हटलं, “आई, मी तुला कागद अर्धाच वाचून दाखवला.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“‘दर वर्षी’ लिहिलंय त्यात. कागद माझ्या हातात होता ना रे, तुझ्या कुठे होता?”

मी खुर्ची ओढून बसलो. ती निवडतच होती. म्हणाली, “एकोणीस वर्षं मरणाचं रजिस्टर भरलंय मी. एकतीस डिसेंबरला ते बंद करायचं, एक जानेवारीला नवं उघडायचं. नवं एकही कोरं राहिलं नाही. दर वर्षी म्हणजे काय, ते मला तुझ्याकडून शिकायचंय होय?”

“मग कॅन्सल का केलंस?”

तिने मेथीची एक काडी उगाच पुन्हा पुन्हा बघितली. मग म्हणाली, “बाबा गेल्यापासून तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. घरी आलास तरी पाहुण्यासारखा वागतोस, पाणीसुद्धा उठून स्वतः घेतोस. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालास, आई, नको ना करू. म्हटलं, एक वर्ष देऊ याला. शंभरातला एकच तर आहे.”

आयुष, मी एवढे दिवस समजत होतो की मी तिला फसवलं. तिला सगळा हिशोब कळत होता, तरी तिने तो एक लाल ठिपका माझ्यासाठी अंगावर घेतला. आणि मी अमरिलोत बसून तुला फुशारकीचं पत्र लिहीत होतो. ते फाडून टाक. नको, ठेव. मला लाज वाटावी म्हणून कोणाकडे तरी असलेलं बरं.

ती पुढे म्हणाली, “हे आयुषला सांगितलं नाही मी. ते आपल्यातलं आहे.” ऐकून काय वाटलं, सांगू? आनंद झाला. एवढं सगळं होऊनही. आम्हा दोघांचं असं एक काहीतरी निघालं, जे तुला माहीत नाही. आणि आता मीच तुला लिहिलं, म्हणजे तेही गेलं.

मी म्हटलं, “आता परत मागतो. कर ऑपरेशन.” ती म्हणाली, “तू मागतोस म्हणून नाही करणार. मी स्वतः ठरवलंय, करायचं ते. तू नुसता इथे राहा.” तारीख मिळाली आहे. एकोणतीस जुलै.

काल हॉस्पिटलचे फॉर्म भरले. एक असा आहे, की पेशंटला बोलता येत नसेल तर कोणी निर्णय घ्यायचा. त्यावर जूनमध्येच तुझं नाव लिहिलेलं होतं. तुझा फोन नंबर, तिच्या त्या रजिस्टरवाल्या सुंदर अक्षरात. तिने पेन माझ्यापुढे धरलं. “बदलू? तुझं घालू?” मग हळूच म्हणाली, “पण तू फोन उचलतोस का रे?”

मला वायोमिंग आठवलं. साउथ डाकोटा आठवलं, तिथे दीड दीड दिवस रेंज नसते. आणि रेंज असून न उचललेलेही आठवले. तुझं नाव बघून माझे कान तापले होते, खोटं कशाला लिहू. पेन मी हातात घेतलं होतं. पण ही काही ताटातली पाटवडी नाही. डॉक्टर आकडा सांगणार, दोन मिनिटांत ठरवायचं असणार, आणि मी कोणते शब्द गाळीन याचा मलाच भरवसा नाही. म्हटलं, “राहू दे त्याचंच.”

तिने पेनाला टोपण लावलं.

तू तिकीट काढतोयस असं कळलं. काढू नकोस. फोन जवळ ठेव, तेवढं पुरे. इथे मी आहे. निदान या वेळी मला तिथे एकट्याला बसू दे.

अनीश

ता. क. कांतामावशी म्हणते, “सत्त्याण्णव आहेत ना, झालं तर मग.” आईने तिला शांतपणे समजावलं की हे मार्क नाहीत, माणसं आहेत. तुझे ठिपके दाखवून समजावलं. मी ऐकत होतो. तू चांगलं शिकवतोस.

* * *

३० जुलै २०२५
अर्विंग

आयुष,

ठीक आहे ती. तुला माहीत आहे. हॉस्पिटलचे सगळे मेसेज तुझ्या नंबरवर येत होते. आत नेलं, सुरू झालं, संपलं. मी दारापासून अकरा पावलांवर बसलेलो आणि बातमी आधी जर्सी सिटीला जात होती. तू डेस्कवर फोन केलास म्हणून ती नर्स बाहेर येऊन म्हणाली, “तूच मुलगा का? आयुष म्हणतो, तुला लगेच सांगा.” आभार मानायचे होते. त्या क्षणी तुझा रागच आला. आज मानतो.

साडेतीन तास तिथे काय केलं? आकडे म्हणत बसलो. शंभरात तीन, शंभरात तीन. आकडा लहान होईल म्हणून. तो होत नाही. समोर एक मेक्सिकन कुटुंब बसलं होतं, त्यांची आजी आत होती. मनात आलं, त्यांची नको, आमची नको, मग ते तिघं कोण? असलं काहीतरी. मशीनमधली कॉफी चार वेळा प्यायलो. तू हे काम रोज कसं करतोस कळत नाही. का तुझे ठिपके कधी मेथी निवडत नाहीत?

आत सोडलं तेव्हा ती झोपेत होती. हाताला नळ्या, केस विस्कटलेले. मी हात धरला. ती डाव्या हाताची बोटं हलवते का, ओठ वाकडा नाही ना, हे बघायला तू सांगितलं होतंस, ते बघितलं. हलवली. वाकडा नाही.

मग तिने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “आयुष?”

नर्स म्हणाली, औषधाची गुंगी असते, होतं असं. शंभरातल्या किती जणांना होतं, ते मी विचारलं नाही.

मी म्हणालो, “हो.”

“अनीशला कळवलंस का रे?”

मी मान हलवली.

“त्याचा फोन लागत नाही कधी,” ती म्हणाली. शब्द जड होते पण स्पष्ट होते. “सगळ्यात आधी त्याला सांग. घाबरट आहे तो, दाखवत नाही. गाडी चालवत असेल तर आत्ता नको सांगू. थांबला की सांग.”

“सांगतो,” मी म्हटलं.

“तुझ्याच भरवशावर,” असं म्हणून ती झोपली. पूर्ण वेळ माझा हात तिच्या हातात होता.

आज सकाळी उठली तेव्हा तिने मला ओळखलं. कालचं काही आठवत नाही तिला. मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

पण तुझ्या नावाने शब्द दिलाय मी, आणि तो तुलाच पाळावा लागेल. गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी आहे, किल्ली खिशात आहे, मी कुठेही निघालेलो नाही.

मी थांबलोय. सांग मला.

अनीश